पाणी आधी की विश्वास आधी

आमच्या वऱ्हाडात 'बाटला' असा एक शब्द आहे. आता तो कमी ऐकू येतो, पण माझ्या लहानपणी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी सहज असायचा. कोणी मिशनच्या लोकांत गेला की बाटला. कोणी त्यांच्या घरी चहा पिला, तरी बाटला. या शब्दात माणसानं मनातून काय मानलं याचा काहीच हिशेब नाही. त्यानं काय खाल्लं आणि कोणाच्या हातचं पाणी घेतलं, एवढाच हिशेब आहे. वसई-गोव्याकडची एक गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडं सांगतात. पाद्र्यानं रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावानं ते पाणी पिलं आणि अख्खं गाव बाटलं. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती ऐकणाऱ्याला पटत होती. धर्म पाण्यातून जातो आणि पाण्यातूनच येतो, हे आमच्या समाजाला आधीपासून ठाऊक होतं. विहिरी वेगळ्या होत्या, रांजण वेगळे होते, ओंजळीत पाणी वरून ओतायची रीत होती. अशा मुलखात ख्रिस्ती लोकांचा पाण्याचा संस्कार आला, तेव्हा त्याचा अर्थ लोकांनी आपल्याच पाण्यावरून लावला.

मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. घरात वारकरी वळण आणि गावात गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना. मोझरी आमच्यापासून काही फार लांब नाही. तरी बाप्तिस्मा म्हणजे काय आणि त्याचं विश्वासाशी नातं कोणतं, हे समजून घ्यायची मला गोडी लागली, ती चांदूर रेल्वेच्या एका मास्तरांमुळं. ते ख्रिस्ती होते, शाळेतून निवृत्त झालेले. बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर माझी बैठक असायची. त्यांच्याच घरचा मराठी नवा करार मी एका उन्हाळ्यात वाचून काढला. पुढं मिळतील तशी पुस्तकं वाचली. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

'बाप्तिस्मा' हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ बुडवणं, बुचकळणं. कॅथलिक लोक मराठीत त्याला 'स्नानसंस्कार' म्हणतात. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा विरक्त माणूस लोकांना पापाचा पश्चात्ताप करायला सांगे आणि नदीत बुडी देई. येशूनंही त्याच्या हातून ही बुडी घेतली. पुढं पौलानं याचा खोल अर्थ सांगितला. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाला पुरून टाकणं, आणि पाण्याबाहेर येणं म्हणजे नवा जन्म घेऊन उठणं. अंग धुणं हा त्यातला लहान भाग. मरण आणि पुन्हा जगणं हा मोठा भाग.

मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, पान्यात गेल्याबिगर तुमच्यात माणूस तरत नाही काय?" मास्तर हसले. म्हणाले, "असं पाह्य. पान्यानं अंग भिजते. आतलं भिजलं का नाही, हे पान्याले मालूम नसते." मग त्यांनी मला करारातली चार माणसं दाखवली.

पहिला माणूस येशूच्या शेजारी वधस्तंभावर लटकलेला गुन्हेगार. त्यानं मरता मरता येशूवर भरवसा टाकला, आणि आजच तू माझ्यासोबत स्वर्गात असशील असं वचन त्याला मिळालं. त्याला कोणी पाण्यात नेलं नाही, नेणं शक्यच नव्हतं. दुसरा कर्नेल्य नावाचा रोमन अधिकारी. पेत्र बोलत होता तेवढ्यातच त्याच्या घरच्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि पाणी मागाहून आलं. तिसरा शिमोन जादूगार. त्यानं रीतसर बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत पैसे देऊन देवाची शक्ती विकत घ्यायला निघाला. पेत्रानं त्याला तोंडावर सांगितलं की तुझं मन सरळ नाही. चौथा हबशी राणीचा खजिनदार. रथातून जाताना फिलिप्पानं त्याला येशूची गोष्ट सांगितली. वाटेत पाणी दिसताच तो स्वतःच म्हणाला की आता मला कशाची अडकाठी आहे, आणि तिथंच उतरून बाप्तिस्मा घेतला.

या चौघांत सगळा प्रश्न येऊन जातो. एकाजवळ विश्वास, पण पाणी नाही. एकाजवळ विश्वास आधी, पाणी मागून. एकाजवळ पाणी आहे, पण विश्वासाचा पत्ता नाही. आणि एकाजवळ दोन्ही एका दमात.

ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन हे तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देतात. आईबाप आणि मंडळी त्याच्या वतीनं विश्वास कबूल करतात आणि मोठेपणी ते लेकरू स्वतः कबुली देते. बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारखे पंथ म्हणतात, आधी समज येऊ द्या, विश्वास येऊ द्या, मग पाणी. मला हे आमच्या पेरणीसारखं वाटते. कोणी रोहिणीत धूळपेरणी करते. बी कोरड्या मातीत टाकते आणि पावसाच्या भरवशावर बसते. कोणी मिरगाचा चांगला पाऊस झाल्यावर, ओल पाहून पेरते. दोघंही शेतकरीच. पण पाऊस आलाच नाही, तर धूळपेरणीचं बी मातीत जळून जाते, हे दोघांनाही ठाऊक असते.

या भांडणापायी माणसं मेलीसुद्धा. युरोपात झुरिच शहरी १५२५ साली काही लोकांनी समजत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सुरुवात केली. तिथल्या सरकारनं त्याला गुन्हा ठरवला, आणि १५२७ साली फेलिक्स मान्झ नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याला नदीत बुडवून मारलं. पाण्याचा आग्रह धरणाऱ्याला पाण्याचीच शिक्षा. उलट आपल्या अहमदनगरकडं दवाखाना चालवणारी मुक्तिफौज पाहा. ते पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. आतला बदल खरा, बाहेरच्या खुणेची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी त्यांना ख्रिस्ती नाही असं कोणी म्हणत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडं वळू. मिशनऱ्यांची शाळा इथं रुजू लागली, तेव्हा पहिला स्फोट मुंबईत झाला. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. चार वर्षांनी, १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. याच नारायणरावांनी पुढं जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद बाराएक वर्षांचा होता, तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला. कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. श्रीपादाचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तरी घरी आल्यावर जातीनं विचारलं, याला पंक्तीत घ्यायचं कसं? हा मिशनऱ्यांच्या घरी जेवला आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या म्हणाले. त्यापायी त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला.

या प्रकरणात मला एक गोष्ट फार बोलकी वाटते. ख्रिस्ती मंडळीच्या लेखी श्रीपाद अजून बाहेरचाच होता, कारण त्याच्यावर पाणी पडलं नव्हतं. आणि आपल्या जातीच्या लेखी तो गेलेलाच होता, कारण त्याच्या पोटात परक्याचं अन्न गेलं होतं. पोराच्या मनात काय होतं, हा प्रश्न दोन्हीकडच्या दाराबाहेर उभा राहिला.

शेतकऱ्याला पुढची गोष्ट लगेच समजेल. धर्म बदलला तर बापाच्या जमिनीतला वाटा जाणार की राहणार? १८५० साली इंग्रज सरकारनं एकविसावा कायदा करून सांगितलं की धर्म सोडला किंवा जातीनं टाकलं, म्हणून वारसा बुडणार नाही. म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी देवळातून निघून सरकारी दप्तरात पोचलं. ते तिथून आजवर बाहेर आलेलं नाही, हे पुढं सांगतोच.

मराठी माणसाला या विषयात सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची. टिळक मोठे कवी, संस्कृतचे पंडित. नागपुरास त्यांनी नोकरी केली, तिथून राजनांदगावला गेले. नाशिकची सासुरवाडी आणि नागपूरची नोकरी म्हटल्यावर त्यांची आगगाडी बडनेऱ्यावरून आणि आमच्या चांदुरावरूनच धावली असणार. ही लाईन १८६७ सालीच नागपूरला जाऊन पोचली होती, आणि त्याच लायनीमुळं आमच्या चांदुराच्या नावापुढं 'रेल्वे' लागलं. नाहीतर जिल्ह्यात चांदूर बाजारही आहेच.

१८९३ साली राजनांदगावला जाताना टिळकांना गाडीच्या डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. धर्मावर बोलणं झालं. त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी ते हसण्यावारी नेलं, पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता तो पाळला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते त्यात गुंतून गेले. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देऊ नका, या शिकवणीनं त्यांना धरून ठेवलं.

तेव्हापासून १० फेब्रुवारी १८९५ पर्यंत टिळक कोण होते? मनातून ते येशूचे झाले होते आणि अंगावर जानवं होतं. विश्वास पुरता होता, पाणी बाकी होतं. मग उशीर कशाचा? घरी बायको होती, लेकरू होतं, जात होती, भाऊबंद होते. विश्वास मनात ठेवला तर कोणाला त्रास नव्हता. पाणी घेतलं की घर फुटणार होतं. त्या फेब्रुवारीत मुंबईला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर फुटलंच.

लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या नवऱ्यावेगळ्या राहिल्या, नातेवाइकांकडं दिवस काढले. त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या नांदायला त्याची बायको आली नाही, तर तो लग्न मोडून मागू शकत असे. टिळकांनी तो रस्ता धरला नाही, ते वाट पाहत राहिले. पुढं लक्ष्मीबाई आल्या, पण आपलं सोवळं सोबत घेऊन आल्या. चूल वेगळी आणि पाणी वेगळं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ही बाई आपली जात सांभाळून राहिली, आणि नवऱ्यानं ते चालू दिलं. जबरदस्ती केली नाही.

मग बदल कसा झाला? लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात ते सगळं आपल्या साध्या बोलीत लिहून ठेवलं आहे. मिशनऱ्याच्या व्याख्यानानं तो झाला नाही. विचार करता करता एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं की देवानं माणूस केला, जात माणसानं केली. तो दिवस आला आणि वेगळं पाणी सुटलं. मग कोणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांना काही वाटेना. बाप्तिस्मा १९०० साली झाला, त्याच्यानंतर. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा खरा पाण्याचा संस्कार त्या दिवशी झाला, ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्याच्या हातचं पाणी मन मोकळं करून घेतलं. चर्चमधलं पाणी त्याची साक्ष होती.

पंडिता रमाबाईंचं याच्या उलट झालं. त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला. सोबत त्यांची लहानगी मनोरमा होती. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! एवढी संस्कृत विदुषी बाटली म्हणून लोकांनी टीकेची झोड उठवली. पण रमाबाई काही मुकाट मान डोलावणाऱ्यातल्या नव्हत्या. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी वाद घालत राहिल्या. हे पटते, हे पटत नाही, असं सरळ लिहून कळवत राहिल्या. पुढं आपली साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना आठएक वर्षांनी सापडला. म्हणजे ही धूळपेरणीच म्हणायची. बी आधी पडलं, पाऊस मागून आला. पण आला तो असा आला की केडगावच्या मुक्ती मिशनात शेकडो अनाथ, विधवा, दुष्काळग्रस्त पोरींना त्यांनी पंखाखाली घेतलं.

दुष्काळाचं नाव निघालं, तर वऱ्हाडचं बोललंच पाहिजे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ, या दोन्हींनी मध्यप्रांत-वऱ्हाड होरपळून निघाला. अलायन्स मिशनचे अमेरिकन लोक अकोला, खामगाव, अमरावती, आमचं चांदूर अशा ठिकाणी तेव्हा काम करत होते, एलिचपूर-मेळघाटाकडं दुसरे होते. त्यांनी पोरकी लेकरं उचलली, जेवू घातली, शिकवली आणि बाप्तिस्मा दिला. यावर दोन बाजूंनी बोलणारे लोक मी ऐकले. एक म्हणते, भाकरी देऊन धर्म घेतला. दुसरं म्हणते, जातवाल्यांनी मरू दिलं, त्यांनी जगवलं. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही बोलण्यांत त्या लेकराला काय वाटलं हे नाही. मास्तरांचा आजा अशाच पोरक्या पोरांपैकी एक. मास्तर म्हणायचे, "आज्याले पह्यले भाकर भेटली, मंग पानी, मंग कुठं देव. पन भेटला. खोटं कावून बोलू?"

इकडच्या इतर पंथांतही हा प्रश्न आहेच. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान. त्यांच्यात नुसता देवाला येणारा वेगळा आणि उपदेश घेतलेला वेगळा. वारकऱ्यांत तुळशीची माळ घातली की माणूस बांधला जातो. माळ घालून दारू पिणारा लोकांच्या नजरेत जास्त पडतो, कारण त्यानं चारचौघांत शब्द दिलेला असतो. आणि याच जिल्ह्यातले गाडगेबाबा, ते तर कोणाला शिष्यच करत नव्हते. खराटा घ्या आणि कामाला लागा, हीच त्यांची दीक्षा.

मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तिथं पाण्यात बुडणं नव्हतं. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा होत्या. येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली १९३५ साली, दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षं बाबासाहेब वाचत होते, पारखत होते. चारचौघांत उच्चारलेल्या शब्दाला किती जोखावं लागते, याचं याहून मोठं उदाहरण मला दिसत नाही.

आता सरकारी दप्तराकडं परत येतो. १९५० साली अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात लिहिलं की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आदिवासींना ही अट नाही. मेळघाटातला कोरकू ख्रिस्ती झाला म्हणून त्याचा दाखला जात नाही. पण गावातल्या अनुसूचित जातीच्या माणसानं बाप्तिस्मा घेतला की त्याच्या लेकराचा दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळं धोक्यात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईचा दावा सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. ती स्वतःला हिंदू म्हणत होती, दाखला मागत होती. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाल्याची नोंद आणि तिचं चर्चला जाणं, या दोन्ही गोष्टी तिच्याविरुद्ध गेल्या. म्हणजे चर्चच्या वहीतली एक ओळ आज सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी काम करते.

याचा परिणाम खेड्यात कसा दिसतो, ते सांगतो. आमच्या शेजाऱ्याकडं एक सालदार होता. अनुसूचित जातीतला, शब्दाचा पक्का. तरुणपणी दारूनं पार खंगला होता. कोणी तरी त्याला चांदूरला प्रार्थनेला नेलं आणि दारू सुटली ती सुटलीच. तीसेक वर्षं तो रविवारी न चुकता जात राहिला. धुऱ्यावर भाकर सोडायच्या आधी डोळे मिटून आभार मानायचा. पण बाप्तिस्मा घेतला नाही. एक तर म्हातारी माय म्हणे, मी मेल्यावर काय करायचं ते कर. आणि पोराची शिष्यवृत्ती होती. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "देवाले ठाऊक हाय ना दादा. तहसीलले कावून सांगू?"

या उत्तरावर मी मास्तरांशी बोललो. मास्तर जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "त्याचं दुःख समजते मले. पन लपवलेला इश्वास जमिनीत झाकून ठेवलेल्या बियासारखा असते. कधीतरी कोंब वर यावाच लागते. चारचौघांत कबूल करनं हेच तर बाप्तिस्म्याचं काम हाय." दोघांचंही मला पटत होतं.

सालदार एका पौषात गेला. ख्रिस्ती कबरस्तानात जागा मिळायला मंडळीच्या वहीत नाव लागते, ते नव्हतं. जातभाई म्हणाले, आपल्या रीतीनं करू. गावच्या स्मशानात सरण रचलं. तेवढ्यात चांदूरहून पाळक मोटारसायकलवर आले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. सरणाजवळ उभे राहून त्यांनी हळू आवाजात प्रार्थना केली आणि कोणाशी वाद न घालता परत गेले. त्याची बायको म्हणाली, "त्याईचं मन तिकडं होतं, माती इकडची होती. दोन्ही झालं."

कॅथलिक शास्त्रात यासाठी एक शब्द आहे, 'इच्छेचा बाप्तिस्मा'. ज्याला बाप्तिस्मा घ्यायची मनापासून ओढ होती आणि त्याआधीच मरण आलं, त्याची ती ओढच देव बाप्तिस्मा म्हणून धरतो. जुन्या काळी तर लोक वर्षानुवर्षं शिकवणीतच राहत. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन, ज्यानं ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला, त्यानंही बाप्तिस्मा घेतला तो मरणाच्या दारात, ३३७ साली. बादशहाला वाट पाहता आली, सालदाराला नाही, एवढाच फरक.

हा पेच सगळ्यात चांगला ओळखला होता तो टिळकांनीच. बाप्तिस्म्यासाठी ज्यांनी घर, जात, मानमरातब सगळं पणाला लावलं, तेच टिळक बावीस वर्षांनी, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य एकत्र बसावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मिशनमधल्या कित्येकांना ते रुचलं नाही. दरबार मोठा व्हायच्या आत, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि पुढं तो फारसा टिकला नाही. पण विचार करा, हे सांगायचा अधिकार कोणाला होता? ज्यानं पाण्याची पुरी किंमत मोजली होती, त्याला. फुकट मिळालेल्या माणसानं म्हटलं असतं की पाण्याचं काय एवढं, तर ते हलकं वाटलं असतं. टिळकांनी आपला बाप्तिस्मा कधी कमी लेखला नाही. दुसऱ्याला बाहेर ठेवायचं कुंपण मात्र त्याचं केलं नाही.

एवढं सगळं वाचून-ऐकून माझ्यापुरता निष्कर्ष असा. बाप्तिस्मा म्हणजे विश्वासानं चारचौघांत दिलेला शब्द. शब्द दिला म्हणजे विश्वास पैदा होत नाही, आणि शब्द द्यायला उशीर झाला म्हणून असलेला विश्वास खोटा ठरत नाही. शब्दाला वजन येते ते किमतीनं. पण ती किंमत देवानं मागावी. जातीनं, पंगतीनं, दाखल्याच्या कागदानं ती वाढवली, की गरिबाला शब्द देणंच परवडत नाही, आणि मग आपणच त्याला विचारतो की तू नक्की कोणाचा?

पाऊस पडल्यावर शेताच्या वरच्या मातीवरून ओल कळत नाही. हात खाली घालून मूठभर माती काढून पाहावी लागते. माणसाच्या बाबतीत तसा हात घालायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून कोणाच्या डोक्यावर पाणी पडलं आणि कोणाच्या नाही, यावरून आपण 'बाटला' म्हणू नये आणि 'तरला'ही म्हणू नये. पीक उभं राहिलं की आपोआप दिसते.